नव्या रेड आणि व्हाइटला एकाच रांगेत उभं करू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत यंदाच्या नव्या वाइनची तुलना वाचली. बारा वाइन, त्यांत सात रेड आणि पाच व्हाइट, प्रत्येकीला शंभरपैकी गुण आणि एक ते बारा असे क्रमांक. पहिल्या चारही जागा रेडला. बाराव्या क्रमांकावरच्या व्हाइटबद्दल दोनच शब्द होते : ‘पातळ, निर्जीव.’ लेखकाने मेहनत घेतली आहे यात शंका नाही. पण मी शोधत होते ते त्या पूर्ण पानावर कुठेच सापडलं नाही. या बारा वाइन चाखल्या कशा? कोणती आधी, कोणती नंतर? बाटल्यांची लेबलं दिसत होती का? वाइन किती थंड होती? एकदाच चाखली की दोनदा? हे सांगितल्याशिवाय छापलेल्या गुणांवर वाचकाने विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

मला हे इतकं लागलं त्याला कारण आहे. वाइन तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली एकोणीस वर्षं रोज सकाळी टेस्टिंगच्या टेबलावर बसले. ‘पातळ’ हा शब्द मी स्वतः एका नव्या व्हाइटच्या तक्त्यावर लिहिलेला आहे, आणि तो चुकीचा होता.

हंगाम संपला होता आणि टाक्यांमधल्या वाइनची प्रतवारी लावायची होती. त्या सकाळी माझ्यापुढे आठ ग्लास होते. सात नव्या रेडचे, सगळ्या त्याच हंगामाच्या, ओकच्या पिंपात अजून न गेलेल्या. आठवा ग्लास सॉव्हिन्यॉन ब्लाँ या व्हाइटचा. खरं तर व्हाइट आधी घ्यायच्या, पण तो नमुना उशिरा आला म्हणून शेवटी लावला. ती वाइन आदल्याच दिवशी गाळलेली होती आणि बाटली फ्रिजमधून थेट टेबलावर आली होती. ग्लासला बाहेरून पाणी सुटलं होतं. मी घोट घेतला, तोंडात फिरवला, थुंकला आणि लिहिलं : ‘वास बंद. पातळ. शेवटी कडवट.’ वीसपैकी अकरा. शेजारच्या दोघांचे गुणही जवळपास तेवढेच आले, त्यामुळे मी निःशंक झाले. त्या टाकीतली वाइन एका साध्या व्हाइटमध्ये मिसळायचं ठरलं आणि आठवड्याभरात ती मिसळलीही गेली.

प्रत्येक टाकीच्या दोन बाटल्या आम्ही राखून ठेवत असू. तीन आठवड्यांनी नव्या मुलामुलींना शिकवण्यासाठी सहा व्हाइट मांडल्या, त्यात त्या राखीव बाटल्यांपैकी एक होती. ग्लासवर फक्त तीन आकडी क्रमांक. कोणती वाइन कुठे आहे हे मलाही माहीत नव्हतं. सगळ्या बारा अंश सेल्सिअसवर आणलेल्या. 417 क्रमांकाच्या ग्लासला मी सोळा गुण दिले. तक्त्यावर माझ्याच अक्षरात होतं : ‘पेरू, ओलं गवत, लिंबाची साल. आंबटपणा स्वच्छ, बराच वेळ टिकतो.’ क्रमांक उघडले आणि कळलं, ही तीच. ज्या सहकाऱ्याने ती टाकी रात्री-अपरात्री येऊन थंड ठेवली होती त्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “आता काय उपयोग, मॅडम?” ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

त्या दिवशी नडलं काय, हे सांगायला हवं, कारण तुमच्या टेबलावरही तेच घडलं असण्याची शक्यता आहे.

बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर बिनरंगी असतो. रंग सालीत असतो. (म्हणून तर काळ्या द्राक्षांचीही पांढरी वाइन होते, शॅम्पेनमध्ये पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची तशी करतात.) व्हाइटसाठी द्राक्षं आधी पिळून घेतात आणि नुसता रस आंबवतात. रेडसाठी रस साली-बियांसकट आंबतो, आणि त्या दिवसांत रंगाबरोबर टॅनिन हे तुरट द्रव्यही वाइनमध्ये उतरतं. हे टॅनिन तोंडात गेलं की लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि त्यांचा साका होतो. लाळेमुळे गालांना आणि हिरड्यांना जो गुळगुळीतपणा असतो तो जातो. जीभ टाळूवरून सरकवून पाहावी, अडखळते. लाळ पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात दुसरा घोट घेतला तर तुरटपणा आधीच्यावर चढतो. एकच नवी रेड लागोपाठ सात ग्लासांत दिली तरी सातवा ग्लास पहिल्यापेक्षा खरखरीत लागेल. अशा तोंडात मग व्हाइट आली, तर तिच्यातलं काय कळणार? त्यात ती फ्रिजमधून आलेली. थंड वाइनमधून वास नीट वर येत नाही, गोडवा दबतो आणि असेल नसेल तेवढा कडवटपणा पुढे येतो. शिवाय गाळल्यावर किंवा बाटलीत भरल्यावर काही दिवस वाइन मिटून बसते, हा टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव. मी अकरा गुण दिले ते त्या वाइनला नव्हतेच. आधीच्या सात रेडना, फ्रिजला आणि गाळणीला मिळून दिलेले होते.

तुमच्या लेखातल्या शब्दांबद्दलही लिहायला हवं. रेडला ‘भारदस्त’, ‘उमदी’, ‘राजस’. व्हाइटला ‘नाजूक’, ‘अल्लड’. वाचायला छान वाटतं, पण ग्लासात काय आहे ते यातून कळत नाही. अमेरिकेत डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अॅन नोबल यांनी 1980च्या दशकात वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. मधल्या वर्तुळात ‘फळाचा’, ‘फुलाचा’, ‘मसाल्याचा’ असे ढोबळ गट आणि बाहेर जात जात अननस, गुलाब, मिरी असे नेमके वास. त्या चक्रात ‘उमदी’ हा शब्द नाही, ‘छान’सुद्धा नाही. ज्याचा वास दुसऱ्याला आणून दाखवता येईल तेवढेच शब्द त्यांनी घेतले.

आणि मराठीत अशा शब्दांची काय कमी आहे? गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतात. प्रयोगशाळेत आलेल्या मुलामुलींना इंग्रजी तक्ते भरताना तुरट आणि कडू यांची गल्लत व्हायची. मराठीत विचारलं की क्षणात उत्तर यायचं. नव्या रेडचा घोट थुंकल्यावर मी त्यांना तीनच गोष्टी पाहायला सांगत असे. गालांच्या आतून लाळ सुटली, दात आंबले, तर तो आंबटपणा. तोंड कोरडं पडलं आणि जीभ कपड्यासारखी लागली, तर तो तुरटपणा. हे दोन्ही ओसरल्यावर घशाशी काही मागे राहिलं, तर तो कडवटपणा. आंबट आणि तुरट हे नव्या रेडचे दोष नाहीत, वयाचा भाग आहे. कडवटपणा मात्र तपासावा लागतो. बिया जास्त पिळल्या गेल्या की तो येतो. ‘कडक’ असा एकच शिक्का मारला की या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि वाचकाच्या हाती काही लागत नाही.

वासाचंही तसंच. बुचामुळे बिघडलेल्या वाइनला जो वास येतो, बंद खोलीचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा, त्याला आपल्याकडे ‘कुबट’ असा चोख शब्द आहे. तो आणणारा ट्रायक्लोरोअॅनिसोल हा पदार्थ लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढा असला तरी पुरतो. त्याहून कमी असला तर कुबट वास येत नाही, पण फळाचा वास तेवढा झाकला जातो आणि वाइन नुसतीच मुकी लागते. म्हणून एखादी वाइन ‘निर्जीव’ वाटली की आम्ही लगेच तिचीच दुसरी बाटली उघडत असू. तुमच्या बाराव्या क्रमांकाच्या व्हाइटची दुसरी बाटली कोणी उघडली होती का?

लेबल झाकण्याचं महत्त्व आता सगळे मानतात, पण रंग झाकला तर काय होतं हे फार थोड्यांनी पाहिलं आहे. 2001 साली फ्रान्सच्या बोर्दोमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना आधी एक व्हाइट आणि एक रेड देऊन वासाचे शब्द लिहायला लावले. पुढच्या वेळी तीच व्हाइट दोन ग्लासांत दिली, एकात बिनवासाचा लाल रंग घालून. त्या लाल ग्लासासाठी विद्यार्थ्यांनी रेडचे शब्द वापरले. या प्रयोगावरून अनेक जण वाइन चाखणाऱ्यांची टर उडवतात. मला त्यातून वेगळं दिसतं. ही मुलं शिकलेली होती, प्रामाणिक होती, आणि तरी डोळ्यांनी नाकाला आधीच सांगून ठेवलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत काळ्या काचेचे ग्लास होते. सारख्या तापमानाला आणलेली हलकी रेड आणि पिंपात ठेवलेली शार्दोने ही व्हाइट त्यांत ओतून नुसत्या वासावर ओळखायला सांगितलं की अनुभवी माणसंही थबकत. रेड ‘भारदस्त’ आणि व्हाइट ‘नाजूक’ हे डोळ्यांचं मत आहे.

या दोघींना एका यादीत बसवू नये असं मी म्हणते ते यामुळेच. दोघी वेगळ्या रीतीने घडतात आणि वेगळ्या वेळी तयार होतात. रेडमध्ये पहिल्या आंबवणीनंतर बहुतेक वेळा दुसरा टप्पा होऊ देतात. ईनोकॉकस ईनी नावाचे जिवाणू कच्च्या सफरचंदातलं असतं त्या तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं दुधातल्या सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. बऱ्याच व्हाइटमध्ये हे मुद्दाम टाळतात, कारण तो चटका हवा असतो. नव्या व्हाइटला थंड आंबवणीतून येणारा केळ्यासारखा, पेअरसारखा वास काही महिन्यांत उतरत जातो. म्हणजे ती व्हाइट आज तिच्या भरात आहे, आणि शेजारची रेड अजून दोन वर्षांनी बोलू लागणार आहे.

नव्या रेडही सगळ्या एका जातीच्या नसतात. फ्रान्समधली बोजोले नूव्हो नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, द्राक्षं तोडून जेमतेम काही आठवडे झालेले असताना. ती अख्खी द्राक्षं न फोडता कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून करतात, टॅनिन कमीच उतरतं, आणि ती लगेच प्यायची असते. त्याच वर्षीच्या बोर्दोच्या रेड पुढच्या वसंतात पिंपातून काढून चाखतात आणि चाखणारे त्या पुढे कशा होतील याचा अंदाज लिहितात. तुमच्या सात रेडपैकी कोणत्या आजच्या होत्या आणि कोणत्या पुढच्या, हे लेखात यायला हवं होतं.

24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने घेतलेली चाचणी या क्षेत्रातल्या सर्वांना तोंडपाठ आहे. लेबलं झाकून नऊ फ्रेंच परीक्षकांनी गुण दिले आणि फ्रान्सच्या वाइनना मागे टाकून दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली ठरली. व्हाइटमध्ये शातो माँटेलेनाची 1973ची शार्दोने, रेडमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची 1973ची कॅबर्ने. पण दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. एक, दहा व्हाइट वेगळ्या चाखल्या आणि दहा रेड वेगळ्या. आधी व्हाइट, मग रेड, निकालही दोन. दोन, त्या दिवशी कॅलिफोर्नियाच्याच रिज मॉन्टे बेलोची 1971ची रेड पाचवी आली होती. तीस वर्षांनी, 24 मे 2006 रोजी, त्याच रेड पुन्हा चाखल्या तेव्हा ती पहिली आली. पाचवा क्रमांक खोटा नव्हता. त्या दिवसाचा, त्या वयाचा होता. म्हणून गुणांशेजारी तारीख आणि वाइनचं वय छापणं भाग आहे.

एकदाच चाखून दिलेले गुण किती डळमळीत असतात यावरही काम झालेलं आहे. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. 2008 साली त्यांनी लिहिलं की तिन्ही वेळा एकाच पदकाच्या मर्यादेत गुण देऊ शकणारे परीक्षक साधारण दहा टक्के होते. ते परीक्षक निवडलेले, जाणते होते. मग एका दुपारी एकदा चाखून ‘88’ आणि ‘87’ असा फरक छापणं योग्य आहे का? माझ्या स्वतःच्या अकरा आणि सोळामध्ये तर पाच गुणांचं अंतर होतं, तेही वीसपैकी.

पुढची तुलना छापाल तेव्हा एवढं करा, ही विनंती. व्हाइट एका दिवशी, रेड दुसऱ्या दिवशी. ते जमलं नाही तर व्हाइट आधी, मग निदान तासभर विश्रांती, आणि निकाल दोन वेगळे. सगळे ग्लास एकाच आकाराचे. टेस्टिंगसाठी 1977 साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरलेला साधारण 215 मिलिलिटरचा, वर निमुळता होणारा ग्लास सहज मिळतो, आणि त्यात 50 मिलिलिटरच ओतायचं, म्हणजे वर वासाला जागा राहते. व्हाइट दहा-बारा अंशांवर, रेड सोळा-सतरावर. खाली पांढरा कागद. बाटल्या झाकलेल्या, क्रमांक तीन आकडी, कारण ‘1’ लिहिलं की तो ग्लास पहिला वाटू लागतो. दर दोन रेडमध्ये पाण्याची चूळ आणि काही मिनिटं गप्प बसणं. प्रत्येकाने थुंकायचं, यात लाजण्यासारखं काही नाही, गिळत गेलं तर सहाव्या ग्लासानंतर लिहिलेल्या शब्दाला किंमत राहत नाही. लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. ‘अहाहा’ असा नुसता उद्गार निघाला तरी शेजारच्याचे गुण वाढतात, हे मी किती वेळा पाहिलं आहे. आणि दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून तेच सगळं पुन्हा. दोन दिवसांच्या गुणांत फार फरक पडला तर तो फरकच छापा. वाचकाला तो कळायला हवा.

चाखणारे एकाहून जास्त असावेत, हे मी आणखी एका कारणाने सांगते. शिराझ द्राक्षाच्या काही रेडना काळ्या मिरीचा ठसठशीत वास येतो. तो रोटंडोन नावाच्या पदार्थामुळे येतो हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली दाखवलं, आणि त्याच कामात असंही आढळलं की सुमारे 20 टक्के लोकांना तो पदार्थ भरपूर असला तरी त्याचा वासच येत नाही. ते वाचल्यावर मी माझे जुने तक्ते काढून बसले. शेजारच्या दोघांनी ज्या शिराझपुढे ‘मिरी, मिरी’ लिहिलं होतं, तिथे वर्षानुवर्षं माझ्या रकान्यात फक्त ‘काळं फळ’ होतं. नंतर प्रयोगशाळेत तपासून घेतलं : मला तो वास येत नाही. त्या शिराझना मी दिलेल्या गुणांना एकटीच्या जोरावर काही अर्थ नव्हता. सोबत दोघं होते म्हणून निभावलं.

पुढच्या वेळी बाटल्या झाकायला, क्रमांक टाकायला, तापमान बघायला कोणी हवं असेल तर मी आनंदाने येईन. व्हाइटच्या दिवशी चाखायलाही बसेन. रेडमध्ये शिराझ असल्या तर त्या दिवशी मला फक्त ओतायचं काम द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त वाइन परीक्षक